पम्याच्या लग्नाचं शूटिंग

शंभर फुटी रोडला आमचा कट्टा म्हणजे बंद पडलेल्या झेरॉक्सच्या दुकानाच्या तीन पायऱ्या आणि शेजारचा चहाचा गाडा. वरची पायरी पम्याची. तसं काही ठरलेलं नाही, पण त्याची बेदाण्याची अडत आहे, त्यामुळं सौद्यात बसल्यासारखं उंचावर बसल्याशिवाय त्याला बोलायला सुचत नाही.

परवा गाडी स्टँडला लावता लावताच त्यानं सुरुवात केली.

"हजार कोटी! हजार! आकडा तरी लिहिता येतोय का तुम्हाला?"

कशाचे ते कुणी विचारलं नाही. 'धुरंधर' आल्यापासून दुसरं काही ऐकलेलंच नाही आम्ही.

"तुझ्या खात्यावर किती आले त्यातले?" संज्यानं विचारलं.

"तसं नव्हं लगा..."

"मग माझे 'सैयारा'च्या तिकिटाचे दोनशे ऐंशी दे. जुलैपासून थकलेत."

संज्या लग्नाचं शूटिंग घेतो. त्याच्याकडं एक ड्रोन, दोन गिंबल आणि उधारीची एक वही आहे. या वहीत निम्मी सांगली आहे, असं तो म्हणतो. पम्या दोन पानांवर आहे.

पम्याला पिक्चर बघितल्यावर गोष्ट आठवत नाही, भाव आठवतो. 'छावा'ला उठाव चांगला होता, 'सैयारा'ला कुणाची अपेक्षा नसताना बोली चढली, 'दशावतार'चा माल एक नंबर पण पेटी बारकी. ऐंशी पार केलेले दिलीप प्रभावळकर त्या पिक्चरमध्ये काय काय करतात, हे मी त्याला सांगायला गेलो तर म्हणाला, "ते असू दे, पण हिंदीत काढला असता तर?" या माणसाबरोबर मी दहा वर्षं पिक्चर बघतोय. २०१६ ला 'सैराट'चा शेवट झाल्यावर आख्खं थेटर मुकाट बाहेर पडत होतं, आणि हा जिन्यात मला विचारत होता, "शंभर कोटी करंल न्हवं?" त्यानं ते केले, तेव्हापासून याला आपण जाणकार आहोत असं वाटतं.

"साडेतीन तासाचा पिक्चर लगा, अन् एक माणूस उठला नाही," पम्या म्हणाला.

"साडेतीन तासांत मी आख्खं लग्न कापून देतो. हळदीसकट."

"माझं दिलं नाहीस अजून!"

झालं. बोलणं कुठूनही सुरू केलं तरी इथंच येतं. पम्याचं लग्न २०१४ चं. शूटिंग संज्याचं. चार हजार राहिलेत म्हणून संज्या डीव्हीडी देत नाही आणि डीव्हीडी मिळाली नाही म्हणून पम्या चार हजार देत नाही. पम्याची थोरली पोरगी आता चौथीत आहे. आई-बाबांच्या लग्नाचे फोटो आहेत, व्हिडिओ का नाही, असं ती विचारते. पम्या तिला सांगतो, महापुरात गेला.

"त्या अक्षय खन्नाची तर कमालच," संज्या म्हणाला. "फेब्रुवारीत 'छावा'तला औरंगजेब म्हणून त्याला शिव्या घातल्या, आणि डिसेंबरात 'धुरंधर'मधल्या त्याच्या नाचावर वराती काढल्या. गेल्या महिन्यात माझे चार नवरदेव काळा गॉगल घालून तसेच गाडीतून उतरले. एकाचं धोतर सुटलं."

देशपांडे काका शतपावलीला आले होते. ते बसत नाहीत, उभ्यानंच मत देतात. मत नेहमीचंच, मराठीला पडदा मिळत नाही. 'सैयारा'च्याच दिवशी 'येरे येरे पैसा ३' आला होता, त्याचे शो कसे काढून घेतले, ते त्यांनी तारखेसकट सांगितलं. मुद्दा खरा होता, म्हणून आम्ही ऐकून घेतलं. मग संज्यानं विचारलं, "काका, तुम्ही थेटरात शेवटचा मराठी पिक्चर कुठला बघितला?"

"'बाईपण भारी देवा'."

"तो काकूंनी नेला म्हणून. स्वतःहून?"

काका चहा सांगायला गेले.

एवढ्या वेळात सच्या एक शब्द बोलला नव्हता. खालच्या पायरीवर एका कानात हेडफोन घालून मोबाइल बघत बसला होता. पम्यानं वरून वाकून बघितलं.

"काय बघालायस रं? कोण हाय ही?"

"'लव्ह इज ब्लाइंड'."

"म्हंजे?"

सच्यानं सांगितलं. अमेरिकेतला लग्न जुळवायचा रिॲलिटी शो. पोरं एकीकडं, पोरी दुसरीकडं, मधी भिंत. दहा दिवस नुसतं बोलायचं, तोंड बघायचं नाही. पटलं तर मागणी घालायची, मग एकमेकांना बघायचं आणि महिन्याभरात लग्नाला उभं राहायचं. तिथंसुद्धा आयत्या वेळी नाही म्हणता येतं.

पम्या एवढा हसला की त्याच्या बशीतला चहा माझ्या चपलेवर आला. "भिंतीशी लग्न! आरं, ह्यापेक्षा ते आपलं 'स्प्लिट्सविला' बरं. निदान तोंड बघून तरी भांडत्यात. आन् टिकतंय का एक तरी लगीन?"

"पहिल्या सीझनच्या दोन जोड्या टिकल्यात की. २०२० पासनं."

"दोन बक्कळ झाल्या," संज्या म्हणाला. "माझ्याकडं अल्बम तयार होईस्तोवर घटस्फोट होतोय. मग उरलेले पैसे पोराकडं मागायचे का पोरीकडं, तेवढं सांग."

पण पम्याला आता संस्कृती सापडली होती. कोटी संपले की तो संस्कृतीवर येतो. "ही समदी थेरं हायत. आपल्यात हे आधीच हाय, आन् इज्जतीत हाय. अंतरपाट कशाला धरत्यात? मी पोह्याला गेलो तवा मान वर केली नाही. बायकोचं तोंड नीट बघितलं ते अंतरपाट सरकल्यावर. ह्याला म्हणत्यात संस्कार!"

संज्यानं त्याच्याकडं बघितलं आणि काही बोलला नाही. संज्या गप्प बसला तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

सच्यानं हेडफोन काढला. सच्या बत्तीसचा आहे. तासगावच्या बाजूला घरची अडीच एकर द्राक्षबाग, इथं कोल्ड स्टोरेजला सुपरवायझर. गावाकडचा, शेतीवाला, नोकरी सरकारी नाही. पुढं काही सांगायला नको. आमच्याकडं आता मांडव पडतात ते पुण्यात फ्लॅट असलेल्यांच्या दारात.

"पम्यादादा, मी सतरा ठिकाणी पोहे खाल्ले," तो म्हणाला. "शेवटच्या ठिकाणी आम्हा दोघांना बोलायला गच्चीवर पाठवलं. अकरा मिनिटं. मी घड्याळ बघितलं. त्यातली दोन मिनिटं तिचा मामा जिन्यात खोकत होता. तिनं विचारलं, पुण्याला शिफ्ट होणार का. मी म्हटलं, बाग कुठं नेऊ? ती हसली. चांगली हसली, खरंच. मला वाटलं जमतंय. चार दिवसांनी मध्यस्थाचा फोन, पत्रिकेत नाडीदोष आहे."

"मग नाडी बघाय लागतीयच की," पम्या म्हणाला.

"पत्रिका दिलीच नव्हती आम्ही."

गाड्यावरच्या स्टोव्हचा आवाज तेवढा ऐकू येत होता. पम्यासुद्धा गप्प. मग सच्याच म्हणाला, "ह्यात निदान ती पोरगी समोर बसून सांगती, मला तू नको. रडत का असंना, पण स्वतः सांगती. मला दहा दिवस नको, एक तास द्या आन् मामाला खाली बसवा."

"पण ते खोटं असतंय रे," काका म्हणाले. "स्क्रिप्ट असते सगळी."

इथून पुढं संज्याचा प्रांत सुरू झाला.

"स्क्रिप्ट लागतच नाही काका. माणूस दमवला की झालं. त्या शोमधल्या एकानं २०२२ ला कोर्टात केस घातली. म्हणणं काय, आठवड्याला हजार डॉलर द्यायचे, वीस-वीस तास राबवायचं, जेवणाची मारामार आणि दारू मात्र हवी तेवढी. असं कोंडल्यावर तुम्हीसुद्धा भिंतीला मागणी घालाल. आता आमच्या धंद्यातलं सांगतो. पाठवणी रात्री अडीचला. पोरगी पहाटे चारपासून उठलेली, पोटात काही नाही, डोक्यात पिना खुपसलेल्या. पहिल्या वेळी बापाच्या गळ्यात पडते तेव्हा फोकस जातो किंवा मधी एखादी आत्या येते. मग मी म्हणतो, ताई, परत एकदा. अण्णा, तुम्ही जरा उजेडात या. आणि दुसऱ्या टेकला बाप जास्त रडतो. का सांगा? पहिल्या टेकला त्याच्या डोक्यात केटररचा हिशोब चाललेला असतो. आता यातलं खोटं काय आणि खरं काय, तुम्हीच ठरवा. मी दुसरा टेक ठेवतो."

"म्हणजे तूच तो डायरेक्टर," मी म्हटलं.

"मी गरीब डायरेक्टर. आणि संस्कृतीचं म्हणशील पम्या, तर स्वयंवराचा शो काढला सांगलीनंच. विष्णुदास भावे, १८४३, 'सीता स्वयंवर'. तुझ्या राखी सावंतला टीव्हीवर स्वयंवर मांडायला २००९ उजाडलं."

"अरे, ती मराठी रंगभूमीची सुरुवात आहे!" काकांचा चहा हिंदकळला. "पाच नोव्हेंबर! राजेसाहेबांच्या समोर! त्याची तुलना त्या बयेशी?"

"तुलना कुठं करतोय? सीतेचं काम करणारा पण पुरुष होता, तेव्हा कुणी संस्कृती बुडाली म्हणून ओरडलं नाही, एवढंच म्हणतोय."

"राखीनं कुणाला घातली हो माळ शेवटी?" गाडेवाल्यानं विचारलं. तो एवढा वेळ ऐकतोय, हे आमच्या लक्षातच नव्हतं.

"टोरांटोच्या एका पोराला," पम्या पटकन म्हणाला. "साखरपुडा झाला, लगीन न्हाई झालं."

सगळ्यांनी त्याच्याकडं बघितलं.

"आमची आई बघायची," पम्या म्हणाला.

"आईच्या शेजारी कोण बसायचं?"

"ते सोडा. मुद्दा अंतरपाटाचा हाय. आमच्यात तोंड बघत नव्हतं कोण. मान खाली म्हंजे खाली."

संज्यानं खिशातून मोबाइल काढला. एवढ्या शांतपणे काढला की मला वाटलं कुणाचा फोन आला. त्यानं बराच वेळ खाली खाली सरकवलं आणि एक क्लिप लावून मोबाइल पायरीवर उभा केला.

चित्र जुनं, पिवळसर. पाटावर पम्या. केस भरपूर, कंबर बारीक, मुंडावळ्या एका कानावर आलेल्या. मंगलाष्टकं चाललेली, कुणीतरी मावशी माइकवर बेसूर. समोर स्वस्तिक काढलेला अंतरपाट. तिसऱ्या मंगलाष्टकाला पम्यानं हळूच टाचा उचलल्या आणि कापडावरून पलीकडं बघितलं. परत खाली. अक्षता पडल्या. परत टाचा वर. तिसऱ्या वेळी भटजींनी अंतरपाट धरल्या हातानंच त्याच्या डोक्यावर टप् केलं, आणि तेवढ्यात पलीकडून दोन मेंदीची बोटं आली, त्यांनी अंतरपाटाची कड खाली ओढली आणि वहिनींचे दोन डोळे दिसले. सरळ पम्याकडं बघत होते. हसत होते.

सच्या पायरीवरून खाली घसरला. काका, जे कधी बसत नाहीत, ते बसले. गाडेवाल्यानं दूध उतू घालवलं. "मान खाली म्हंजे खाली!" असं कोण म्हणालं ते मला आठवत नाही, बहुतेक सगळेच म्हणालो.

"मोबाइलमध्ये ठेवलास व्हय रं, कुत्र्या?" पम्या म्हणत होता, पण त्याचं लक्ष क्लिपमध्येच होतं. त्यानं ती परत लावली. परत एकदा लावली. वहिनींची बोटं यायच्या जागी थांबवली.

"ही बघत होती हे मला ठावंच न्हवतं," तो म्हणाला.

"चार हजार," संज्या म्हणाला.

पम्यानं तिथल्या तिथं फोन पे केलं. अकरा वर्षं न निघालेले पैसे टिंग करून आले. लगेच संज्यानं क्लिप पाठवली, पम्यानं ती घरी पाठवली, आणि दोन मिनिटांत वहिनींचा फोन आला. पम्या 'व्हय, व्हय, आलो, महापुरात न्हाई गेला, सांगतो घरी आल्यावर' करत गाडीला किक मारून गेला.

चहाचे पैसे मी दिले. 'सैयारा'चे दोनशे ऐंशी अजून यायचेत.