फोटोच्या कडेला उभं असलेलं गाव

आमच्या अमळनेर तालुक्याच्या ग्रुपवर सध्या एक वाद पेटला आहे. एका बंद पडलेल्या फोटो स्टुडिओची जागा रिकामी करायची आहे आणि माळ्यावर निगेटिव्हची खोकी आहेत. स्टुडिओवाले काका लग्नाचे फोटो काढत, तसेच वर्तमानपत्रांना बातमीचे फोटोही पाठवत. काहींचं म्हणणं, निवडक फोटो स्कॅन करा, बाकी भंगारात घाला. काहींना जळगावात संग्रहालय हवं. आणि बरेच जण म्हणताहेत, कशाला उकरून काढता? डोक्यावर शेणाची पाटी घेतलेल्या आमच्या आया जगाला दाखवून काय मिळणार?

मी ब्रिटनमधल्या वेल्समध्ये राहते. तिथे असाच एक साठा जपला गेला, त्याची हकीगत इथे सांगण्यासारखी आहे. जेफ चार्ल्स नावाचा बातमीदार-छायाचित्रकार १९३०च्या दशकापासून पुढची कित्येक वर्षं वेल्सच्या गावोगाव फिरला. ‘अ कम्रो’ या वेल्श भाषेतल्या साप्ताहिकासाठी त्याने मेंढ्यांची लोकर कातरणारे, नांगरटीच्या शर्यती, बाजार, शाळा, प्रार्थनागृहं असं सगळं टिपलं. त्याच्या सुमारे १,२०,००० निगेटिव्ह अ‍ॅबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. १९४५मध्ये त्याने कार्नेदॉग नावाच्या म्हाताऱ्या कवी-शेतकऱ्याचा आणि त्याच्या बायकोचा फोटो काढला. दोघं डोंगरातलं घर सोडून इंग्लंडमध्ये मुलाकडे राहायला निघाले होते. लिव्हरपूल शहराच्या पाण्यासाठी कॅपेल केलिन हे गाव १९६५मध्ये धरणाखाली गेलं, तिथली शेवटची वर्षंही त्याच्या कॅमेऱ्यात आहेत. ते फोटो बघताना मला उकाई धरणाच्या फुगवट्यात गेलेली नवापूरकडची गावं आठवतात, सरदार सरोवरात बुडालेलं मणिबेली आठवतं. तिथल्या लोकांचे मोर्च्यांतले, घोषणा देतानाचे फोटो सापडतील. पण बुडण्याआधीच्या एखाद्या साध्या मंगळवारी त्या गावात काय चाललं होतं, ते कुणाकडे आहे?

वेल्सशी सरळ तुलना मात्र अन्यायाची होईल. तिथे १९०७पासून राष्ट्रीय ग्रंथालय आहे, आणि पगार देऊन गावोगाव फोटोग्राफर पाठवणारं साप्ताहिक होतं. आपल्याकडे अक्षरांचे खिळे जुळवून छापायच्या काळात एक फोटो छापायचा तर जस्ताचा ब्लॉक करून आणावा लागे. तो खर्च पुढाऱ्यासाठी व्हायचा, तोही एकदाच. तोच ब्लॉक जपून ठेवून पुन्हा पुन्हा वापरत. त्यामुळे छापील कात्रणांत आपलं गाव शोधायला जाल तर हाती फारसं लागणार नाही.

म्हणूनच माझा सगळा जीव त्या निगेटिव्हमध्ये आहे. ग्रुपवर कुणीतरी त्यातल्या एका निगेटिव्हचा फोटो टाकला, १९७२च्या दुष्काळातला. खडी फोडायच्या कामावर पुढारी आलेत, मध्यभागी पांढरी टोपी, हार. छापताना एवढंच कापून घेतलं असणार. पण निगेटिव्हच्या डाव्या कडेला चार बाया बसलेल्या आहेत. एकीच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, हातोडी मांडीवर. मागे बाभळीच्या फांदीला लुगड्याची झोळी, आणि झोळीची दोरी हलवायला बसवलेली सहा-सात वर्षांची पोर. ती पुढाऱ्याकडे बघतच नाही, थेट कॅमेऱ्याकडे बघते. दुष्काळात मजुरीला गेलेल्या बाईने तान्ह्या लेकराचं काय केलं, याचं उत्तर त्या कडेला आहे. ‘चांगले चांगले’ निवडायला बसलेला माणूस हा फोटो पुढाऱ्यासाठी ठेवेल किंवा पुढारी विस्मरणात गेला म्हणून टाकून देईल. बायांसाठी ठेवणार नाही. तेव्हा निवड नको, सगळं ठेवा. आणि स्कॅन झालं तरी मूळ फेकू नका.

लाजेचा मुद्दा मी झटकून टाकत नाही. सुरतेला, पुण्याला स्थिरावलेल्या घराला आजीच्या अंगावरचं फाटकं लुगडं इंटरनेटवर नको वाटू शकतं. शिवाय त्या बायांना कुणी विचारून फोटो काढला नव्हता, आणि गावाच्या कडेला कोण असायचं हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे. त्यांच्या नातवंडांनी नको म्हटलं तर तो फोटो जाहीर होऊ नये. पण परस्पर भंगारवाल्याने ठरवावं, हे मला मान्य नाही.

खरी घाई वेगळीच आहे. फिल्म आपल्या उन्हाळ्यात टिकत नाही. जुन्या अ‍ॅसिटेट फिल्मला उष्णतेने व्हिनेगरसारखा आंबूस वास सुटतो, ती आक्रसते, वरचा थर सुरकुततो. भुसावळ-जळगावचा मे महिना आणि पत्र्याचं छत! तरी फिल्मपेक्षा लवकर संपताहेत ते चेहरे ओळखणारे. कागदपत्रं जपायची तर खानदेशाला परंपरा आहे, धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ त्याच कामासाठी उभं राहिलं. चाळीसगावला केकी मूस यांची कलाकृती म्हणून काढलेली छायाचित्रंही नीट जपली आहेत. पण बातमीच्या फोटोमागे फार तर ‘मा. मंत्रिमहोदय कामाची पाहणी करताना’ एवढंच. बायांची नावं कुणी लिहिली नाहीत. ती आता फक्त ऐंशीच्या पुढच्या माणसांच्या तोंडी आहेत.

म्हणून संग्रहालयाची वाट बघू नये. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. गावाबाहेर दिलेली बाई आपल्या लहानपणच्या मैत्रिणी जितक्या ओळखेल तितकं गावात राहिलेला पुरुष ओळखणार नाही. श्रावणात कानबाईच्या सणाला भाऊबंद झाडून गोळा होतात. या दोन दिवसांत शाळेच्या वर्गात फोटो मोठे करून लावा, खाली कोरा कागद चिकटवा, शेजारी नववी-दहावीतली एक पोर पेन घेऊन बसवा. प्रत्येक म्हातारीला तिने विचारायचं, “हाई कोन शे?” आणि सांगेल ते तिच्याच अहिराणीत उतरवून घ्यायचं: नाव, कुणाची कोण, त्या वेळी काय चाललं होतं. घरच्यांची परवानगीही तिथेच विचारायची. छपाईचा आणि स्कॅनिंगचा खर्च आम्ही बाहेर असलेले तालुक्यातले लोक सहज उचलू, मी माझा वाटा कळवला आहे. स्टुडिओची जागा रिकामी होण्याआधी खोकी कुणाच्या तरी घरात, पत्र्याखाली नाही अशा खोलीत हलवायला हवीत. ते मात्र गावातल्याच कुणाला तरी याच आठवड्यात करावं लागेल.