पॅलेस्ट्रिनाने संगीत ‘वाचवलं’, म्हणे!

पाश्चात्त्य संगीतावरच्या व्हिडिओंत ही गोष्ट हमखास भेटते: इटलीतल्या ट्रेंट इथे भरलेल्या कॅथलिक धर्मपरिषदेत चर्च पॉलिफोनीवर, म्हणजे एकाच वेळी अनेक सुरावटी गुंफणाऱ्या गायनावर, बंदी घालणार होतं, सोळाव्या शतकातल्या इटालियन संगीतकार पॅलेस्ट्रिनाने ‘पोप मार्सेलस मिसा’ (मिसा म्हणजे कॅथलिक उपासनेतल्या ठरावीक प्रार्थनांना दिलेलं संगीत) ऐकवली, धर्मगुरू विरघळले आणि संगीत वाचलं. तानसेनाने दीपक गाऊन दिवे पेटवले, त्याच जातकुळीतली कथा. तारखा तपासल्या की तिचा निकाल लागतो.

आधी बंदी. परिषद १५४५ ते १५६३ अशी रेंगाळली, त्यात संगीताच्या वाट्याला आला तो अगदी थोडा वेळ. सप्टेंबर १५६२ च्या ठरावात एवढंच आहे, की ज्यात कामुक किंवा अशुद्ध काही मिसळलंय असं गाणं-वाजवणं चर्चबाहेर ठेवा. प्रेमगीतांच्या चालींवर मिसा बांधायची तेव्हा सर्रास पद्धत होती! कडक मताचे लोक होतेच. पण १५६३ मध्ये पॉलिफोनी हटवण्याची भाषा सुरू होताच पवित्र रोमन सम्राट पहिला फर्डिनांड यानेच विरोध कळवला. शेवटी तपशील प्रांतोप्रांतीच्या धर्मसभांवर सोपवून परिषद मोकळी झाली.

‘पोपना ऐकवली’ म्हणाल, तर मिसेला ज्यांचं नाव आहे ते मार्सेलस १५५५ मध्ये जेमतेम तीन आठवडे पोप होते. त्या गुड फ्रायडेला त्यांनी गायकांना बोलावून बजावलं, की दिवसाला शोभेल असं गा आणि शब्द कळू द्या. पॅलेस्ट्रिना तेव्हा त्याच गायकवृंदात होता. (लग्न झालेला म्हणून पुढच्या पोपनी त्याच वर्षी त्याला घरी बसवलं, ते वेगळं.) मिसा छापून आली १५६७ मध्ये.

परीक्षा मात्र झाली होती. २८ एप्रिल १५६५ रोजी कार्डिनल विटेलोझींच्या घरी गायकांनी काही मिसा गायल्या, शब्द ऐकू येतात का ते बघायला. कोणत्या गायल्या, याची नोंद नाही. ही त्यात असेलही. पण परिषद उठून तोवर वर्ष उलटून गेलं होतं.

खुद्द मिसा ऐका. सहा आवाज. मिसेच्या ‘ग्लोरिया’ आणि ‘क्रेदो’ या भागांत शब्द भरपूर, म्हणून तिथे आवाज बहुतेक एकत्र चालतात, अक्षराला एक स्वर. सुरुवातीच्या ‘किरिये’त शब्द मोजकेच आणि सगळ्यांना पाठ, तिथे गडी मोकळा सुटतो. एक आवाज सुरावट उचलतो, दुसरा मागून तीच धरतो, शब्द एकमेकांवर चढत जातात. बंदीच्या धाकाने लिहिणारा माणूस ‘किरिये’ असा सोडणार नाही, असं मला वाटतं.

दंतकथा छापून आली १६०७ मध्ये, इटालियन संगीतकार अगाझारीच्या लेखणीतून; तोवर पॅलेस्ट्रिनाला जाऊन १३ वर्षं झाली होती. १८२८ मध्ये चरित्रकार बायनीने ती रंगवली, १९१७ मध्ये जर्मन संगीतकार फिट्झनरने तिचा ऑपेरा केला.

परिषदेच्या काळात तिथे खरोखर गायली गेली ती संगीतकार याकोबुस दे केर्लेची पॉलिफोनी. आणि शब्द कळतील अशा मिसा कार्डिनल बोरोमेओंच्या सांगण्यावरून लिहिल्या, त्या मिलानच्या विन्चेन्झो रुफोने. या दोघांवर कुणी ऑपेरा केलेला माझ्या तरी ऐकण्यात नाही.