45 दिवसांत चार लाखांचा क्रेन ऑपरेटर?

"दहावी पास? 45 दिवसांचा कोर्स करा, ऑफशोअर क्रेन ऑपरेटर व्हा! महिन्याला 4 लाख. एक महिना काम, एक महिना सुट्टी. टॅक्स शून्य. एसी केबिनमध्ये बसून काम. समुद्रात पवनचक्क्या येतायत, मागणी वाढणारच!" एवढा मजकूर, मागे क्रेनचा फोटो, खाली मोबाइल नंबर. महिनाभरात हा मेसेज मला चार ग्रुपवर आला. चौथ्यांदा पुतण्याने पाठवला आणि खाली विचारलं, "काका, फी 1 लाख 80 हजार सांगतायत. भरू का?"

मुंबईसमोरच्या समुद्रातल्या बॉम्बे हाय या तेलक्षेत्रात मी आधी रिगर, म्हणजे क्रेनला लोड बांधणारा होतो, मग क्रेन ऑपरेटर. त्यामुळे त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

आधी फोटो. तो न्हावा शेवाच्या धक्क्यावर कंटेनर उतरवतात तसल्या क्रेनचा आहे. समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर असते पेडस्टल क्रेन: जाड खांबावर गरगर फिरणारी, लांब बूमची (म्हणजे दांड्याची). जाहिरात करणाऱ्याला दोन्हींतला फरक माहीत नसावा, किंवा आपल्याला माहीत नसेल याची त्याला खात्री असावी.

"45 दिवसांचा कोर्स." 45 दिवसांत लोड चार्ट, म्हणजे किती वजन उचलता येईल त्याचा तक्ता, वाचता येईल, हाताच्या खुणा पाठ होतील, वायर रोप कुठे तुटायला लागलाय ते ओळखता येईल. हे सगळं लागतंच. पण जमिनीवर जे उचलायचं ते जागच्या जागी असतं. प्लॅटफॉर्मच्या खाली सप्लाय बोट असते आणि तिचा डेक लाटेबरोबर दोन-तीन मीटर वरखाली होत असतो. हुक लागला, बोट लाटेच्या माथ्यावर आली की झटकन उचलायचं. क्षणभर उशीर झाला तर बोट खाली जाते, वायर ताणून झटका बसतो, नाहीतर पुढच्या लाटेला डेकच वर येऊन लोडला धडकतो. म्हणून तीच क्रेन प्लॅटफॉर्मच्या डेकवरून जितकं वजन उचलते, तितकं बोटीवरून उचलायला तिला परवानगी नसते. लाट जितकी उंच तितका चार्टवरचा आकडा खाली. हा अंदाज हाताला यायला काही सीझन जातात.

म्हणून वाट अशी: आधी रुस्टाबाउट किंवा रिगर, म्हणजे लोडला स्लिंगचे पट्टे लावणं, लोड फिरू नये म्हणून टॅग लाइनची दोरी धरणं, डेक धुणंसुद्धा. मग बँक्समन, म्हणजे क्रेनला खुणा देणारा. मग कुणीतरी जुना ऑपरेटर शेजारी उभा राहून लिव्हर हातात देतो. ऑफशोअर प्रशिक्षणाचे निकष ठरवणारी ओपिटो ही संस्था आहे, तिची पद्धतही तशीच टप्प्याटप्प्याची आहे. जमिनीवरचं प्रशिक्षण हा पहिला टप्पा. पुढे प्रत्यक्ष क्रेनवर, देखरेखीखाली, लॉगबुक (केलेल्या कामाची नोंदवही) भरत काम आणि मग परीक्षा. कोर्सवाले पहिल्या पायरीचे पैसे घेतात आणि जाहिरात शेवटच्या पायरीची करतात.

हुकला कधी माणसंही असतात. बास्केटला धरून उभी राहिलेली चार माणसं बोटीवरून प्लॅटफॉर्मवर घ्यायची, तेव्हा केबिनमध्ये कुणी बोलत नाही. 27 जुलै 2005. आदल्या दिवशी मुंबई पाण्यात बुडाली होती, हवामानामुळे हेलिकॉप्टर उडत नव्हतं. 'समुद्र सुरक्षा' या जहाजावरच्या स्वयंपाक्याची बोटं कापली गेली, त्याला बॉम्बे हाय नॉर्थवर घ्यायचं होतं. वाऱ्याच्या आडोशाकडची क्रेन बंद होती, म्हणून जहाज वाऱ्याच्या बाजूने लागलं. जखमी माणूस बास्केटमधून वर पोहोचला. त्यानंतर जहाज प्लॅटफॉर्मच्या रायझरवर, म्हणजे तेल-गॅसच्या उभ्या पाइपवर आदळलं, गॅस पेटला आणि दोनेक तासांत प्लॅटफॉर्म संपला. 22 जण गेले. क्रेनने आपलं काम केलं होतं. तरीही 'एक क्रेन बंद आहे' या साध्या नोंदीचं वजन समुद्रात किती असतं, ते 45 दिवसांच्या वर्गात कळणार नाही.

"महिन्याला 4 लाख." असे पगार नाहीतच, असं मी म्हणणार नाही. परदेशी ड्रिलिंग रिगवर, मोठ्या हेवी-लिफ्ट जहाजांवर अनुभवी माणसाला लाखांत मिळतात. पण पगार कसा मोजतात ते आधी बघा. ओएनजीसीचा कायम कर्मचारी 14 दिवस समुद्रात, 14 दिवस घरी, आणि पगार महिन्याचा. ठेकेदाराच्या माणसाला बहुतेक ठिकाणी दिवसाचा दर मिळतो, तोही हजेरीच्या दिवसांचा. समजा दर 5,000 रुपये आहे. 28 दिवसांचे झाले 1 लाख 40 हजार. ऐकायला छान. पुढचे 28 दिवस घरी, शून्य. म्हणजे महिन्याला 75 हजारांच्या आसपास, तेही पुढची ट्रिप वेळेवर मिळाली तर. 'एक महिना सुट्टी' यातली सुट्टी कुणाच्या पैशाने, हा प्रश्न जाहिरातीत नसतो.

त्यात आपल्याकडे पावसाळा. मे संपत आला की बांधकामाच्या बार्ज (सपाट तळाची कामाची जहाजं) तेलक्षेत्रातून निघतात, ते पाऊस सरेपर्यंत. बार्जवरच्या क्रेनवाल्याला तेव्हा घरी बसावं लागतं. 2021 मध्ये तौक्ते वादळात पी-305 बार्ज वेळेत निघाली नाही, ती बुडून किती माणसं गेली ते सगळ्यांना माहीत आहे.

शिवाय तेलाचा भाव. 2014 च्या मध्याला ब्रेंट कच्चं तेल पिंपाला शंभर डॉलरच्या वर होतं, जानेवारी 2016 मध्ये तीसच्या खाली आलं. तेव्हा रिग कामाविना रांगेने उभ्या राहिल्या. माझा दर आधी कापला गेला, मग कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर फोनच आला नाही. आठ महिने मी गावात मित्राच्या हायड्रावर, म्हणजे रस्त्यावर चालणाऱ्या छोट्या क्रेनवर होतो. कमीपणा वाटला, पण हप्ते थांबत नाहीत.

"टॅक्स शून्य." बॉम्बे हाय मुंबईपासून साधारण 160 किलोमीटरवर आहे, भारताच्या आर्थिक क्षेत्रात. तिथल्या कमाईवर इथलाच आयकर लागतो. परदेशी नोकरीवाल्याला सूट मिळू शकते, पण त्यासाठी आर्थिक वर्षात भारतातला मुक्काम 182 दिवसांपेक्षा कमी लागतो. आता 28-28 च्या रोटेशनचा हिशोब करा: 365 चे निम्मे एकशे साडेब्याऐंशी! म्हणून ही मंडळी मार्चमध्ये पासपोर्टवरचे शिक्के मोजत बसतात. एका ट्रिपला उशीर झाला की वर्ष हातचं जातं.

"एसी केबिनमध्ये बसून." एसी असतो, चालूही असतो. कधी कधी. शिफ्ट 12 तासांची, आणि केबिनमध्ये नसाल तेव्हा ग्रीसगन हातात असते.

पवनचक्क्यांचं म्हणाल तर जून 2024 मध्ये केंद्राने समुद्रातल्या पवनऊर्जेसाठी 7,453 कोटींची योजना मंजूर केली हे खरं. त्यातली 1,000 मेगावॅट गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यांवर आहे, कोकणात नाही. आणि टर्बाइन उभी करणाऱ्या जहाजाच्या क्रेनवर नवशिक्याला कुणी बसवत नाही.

ज्याला खरंच जायचंय त्याने रिगर म्हणून सुरुवात करावी. समुद्रात जायला आधी सी सर्व्हायव्हलचं, म्हणजे समुद्रात जीव वाचवण्याचं प्रशिक्षण लागतं. गोव्यात बेतूलला ओएनजीसीचं केंद्र आहे. खासगी संस्थेत बोसिएट हा ऑफशोअर सुरक्षेचा मूलभूत कोर्स केलात तर त्याचं प्रमाणपत्र चार वर्षं चालतं. परदेशी पाठवणाऱ्या नोंदणीकृत एजंटला 30 हजार रुपये आणि त्यावर जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. त्याचं नाव ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर तपासता येतं. जहाजावरच्या नोकरीसाठी तर परवानाधारक कंपनीने खलाशाकडून भरतीचे पैसे घ्यायचेच नसतात.

पुतण्याला म्हटलं, त्या नंबरवर फोन करून एवढंच विचार, प्रमाणपत्र कुणाचं मिळणार? त्याने विचारलं. उत्तर आलं, "सर, सर्टिफिकेट आमचंच असतं, सगळीकडे चालतं." मग त्याने विचारलं, लॉगबुक? पलीकडून म्हणे, "ते काय असतं?"