एबीएसचा फ्यूज काढायला सांगणाऱ्या त्या मेसेजबद्दल

"नवीन गाडी म्हणजे चाकावरचा कॉम्प्युटर, कंपन्या लपवतात त्या ५ गोष्टी" असा एक मेसेज फिरतोय, खाली हात जोडलेले आणि "एका जुन्याजाणत्या मेकॅनिककडून, जनहितार्थ". तुमच्याकडेही आला असेलच. माझ्याकडे चार ग्रुपवर आला आणि मी चारही वेळा सोडून दिला, कोण वाद घालत बसणार. मग परवा कराडला मामांची गाडी बाहेर काढली तर समोर पिवळा एबीएसचा (जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा, शेजारी लाल ब्रेकचा दिवा, आणि गाडी चालतेय तरी स्पीडोमीटरचा काटा शून्यावर झोपलेला. मामांना विचारलं तर म्हणाले, अरे ते मी मुद्दाम बंद केलंय, आणि पाकिटातून छोट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फ्यूज काढून दाखवला. लागलाच तर असावा म्हणून जपून ठेवलेला! याच गाडीने ते गणपतीत कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला गेले होते, भर पावसात, मागे मामी आणि नातू.

तर आता वाद घालतोच.

मेसेज म्हणतो: "ब्रेक मारल्यावर पेडल थरथरतं, पायाला मागे ढकलतं, म्हणजे कॉम्प्युटर तुमचा ब्रेक सोडतोय. एबीएसचा फ्यूज काढा, ब्रेक पहिल्यासारखा करकचून लागेल."

हो, सोडतोय. त्यासाठीच बसवलाय तो! प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर असतो, चाक किती वेगाने फिरतंय ते सतत सांगणारा. तुम्ही घाबरून ब्रेकवर उभे राहिलात आणि एखादं चाक बाकीच्यांच्या मानाने एकदम थांबायला लागलं, म्हणजे आता लॉक होऊन घसरणार, की तेवढ्या चाकाचं प्रेशर सोडायचं, परत द्यायचं, परत सोडायचं, सेकंदाला दहा-दहा वेळा, आणि त्याचीच ती थरथर पायाला लागते. कारण लॉक झालेलं चाक वळत नाही हो. स्टिअरिंग पार टोकापर्यंत फिरवा, ओल्या रस्त्यावर गाडी नाकासमोर कठड्यातच जाणार. करकचून लागलेला ब्रेक म्हणजे हेच. वर फ्यूज काढला की नुसतं एबीएस जात नाही, पुढच्या-मागच्या चाकांना ब्रेक किती द्यायचा ते वाटपही सहसा त्याच डब्यात असतं, ते पण जातं (लाल दिवा उगाच नव्हता लागला). मग उतारावर मागची चाकं आधी लॉक झाली की गाडी जागच्या जागी गिरकी घेते. कुंभार्लीत. पावसात. नातवाला घेऊन.

एक कबूल करतो, खडीवर किंवा सैल मातीवर एबीएसवाली गाडी थोडी पुढे जाऊन थांबू शकते. पण तेव्हाही ती वळवता येते, आणि मामांच्या रोजच्या वाटेवर डांबर आहे. जर्मनीच्या बॉश कंपनीने हे १९७८ मध्ये मर्सिडीजला बसवलं, आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना सक्तीचं झालं, म्हणजे आपल्याला चाळीस वर्षं उशिरा मिळालं आणि आपण काय करतोय, तर उपटून पाकिटात ठेवतोय.

दुसरा मुद्दा सीटबेल्टचा. "टुंग टुंग हा कंपनीचा त्रास आहे, ऑनलाइन क्लिप मिळते, ती बेल्टच्या खाचेत खोचून ठेवा." ही पण होती मामांच्या गाडीत, चकचकीत, वर कंपनीचा लोगो कोरलेली. तर पुढच्या सीटची ती टुंग टुंग सरकारने जुलै २०१९ पासून सक्तीची केलीय, कंपनीला हौस नाही. आणि या क्लिपांचं काय झालं ते ऐका. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन कंपन्यांना आदेश देऊन त्या विक्रीतून काढायला लावल्या, एकूण १३,११८ लिस्टिंग उडाल्या. त्याच वेळच्या सरकारी पत्रकात आकडा आहे: २०२१ या एका वर्षात बेल्ट न लावल्यामुळे १६ हजारांवर माणसं गेली, त्यातले ८,४३८ ड्रायव्हर आणि ७,९५९ शेजारी-मागे बसलेले. हा आकडा मेसेज पाठवणाऱ्या प्रत्येकाला परत पाठवा, बाकी काही बोलू नका. बघा, जवळपास निम्मे बिगर-ड्रायव्हर आहेत. टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ चारोटीला अपघातात गेले ते मागच्याच सीटवर होते, बेल्ट न लावता. आणि क्लिप खोचली की तुम्ही गाडीच्या कॉम्प्युटरला खोटं सांगताय की बेल्ट लावलाय, मग एअरबॅग पापणी लवायच्या आत फुगते आणि तुम्ही मोकळे सुटून तिच्यावर जाऊन आदळता.

तिसरा, "चेक इंजिनचा दिवा कंपनी तारीख ठरवून पेटवते, सर्व्हिसला यावं म्हणून." अर्धं खरं दुसऱ्याच दिव्याबद्दल आहे, सर्व्हिसची आठवण किलोमीटरवर किंवा दिवसांवर लागते. चेक इंजिन तसा नाही, त्यामागे बिघाडाचा कोड असतो आणि हजाराच्या आतबाहेर मिळणारा ब्लूटूथ स्कॅनर स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावून तो कुणालाही मोबाइलवर वाचता येतो. दिवा मिचमिच करत असेल तर गाडी बाजूला घ्या, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जाऊन धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतंय, आणि त्याची किंमत ऐकून दिव्याचा राग जाईल.

चौथा, "हप्ता चुकला की कंपनी ऑफिसात बसून चालती गाडी बंद करते." मामांच्या गाडीत मोबाइलसारखं सिमच नाही, कशी करेल, मंत्र म्हणून? सिमवाल्या काही गाड्यांत चोरीला गेल्यावर इंजिन बंद करायची सोय आहे, ती मालकाने मागितलेली असते. पण भीती अगदीच हवेतली नाही हेही सांगतो. २०१५ मध्ये अमेरिकेत चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या दोघांनी घरात बसून हायवेवरची जीप बंद पाडून दाखवली होती, नंतर कंपनीने १४ लाख गाड्या परत बोलावून सॉफ्टवेअर दुरुस्त केलं.

पाचवा, "जुनी कार्ब्युरेटरची गाडी बरी, पेचकसने दुरुस्त व्हायची." व्हायची. थंडीत चोक ओढून दहा मिनिटं मिनतवारी करावी लागायची ते विसरलात. दुरुस्ती महाग झालीय हे मात्र खरं, उंदराने वायरिंग खाल्लं की काय बिल येतं ते मी भरलंय.

आणि गंमत म्हणजे सॉफ्टवेअरमधली खरी लबाडी या मेसेजमध्ये नाहीच. २०१५ मध्ये फोक्सवॅगन सापडली, टेस्ट चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करणारं सॉफ्टवेअर, जगभर एक कोटी दहा लाख गाड्यांत. इथे आपल्या पुण्याच्या एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेने त्या गाड्या रस्त्यावर तपासल्या आणि कंपनीला तीन लाखांवर गाड्या परत बोलवाव्या लागल्या. यावर लिहा की मेसेज. पण नाही, तिथे गाडी गप्प होती म्हणून कुणाला त्रास नाही, आणि जी गाडी दिवा लावून, टुंग टुंग करून, पायाला थरथर देऊन सांगतेय तिचं तोंड दाबायचं.

फ्यूज मी तिथेच बसवला. दोन्ही दिवे गेले, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आलो तर काटा उठला. मामा म्हणाले, बरं राहू दे, पण थरथरलं तर तुला फोन करणार. करा म्हटलं. क्लिप मात्र मी खिशात घालून पुण्याला आणलीय, ते त्यांना अजून माहीत नाही.