बादलीचं उद्घाटन

"वाइन चाखायला आठ-दहाच माणसं बोलवा. बाटल्या मी आणतो, तुम्ही फक्त ग्लास आणि पाण्याचं बघा."

हे म्हणणारे गृहस्थ स्वतः द्राक्षं पिकवतात, स्वतः वाइन करतात आणि बाटल्यांवर लेबलंही स्वतःच चिकटवतात. त्यामुळे 'फक्त' या शब्दाची त्यांची व्याख्या जरा वेगळी असावी. मी भरात हो म्हणून बसलो.

रात्री हिशेब मांडला. माणसं नऊ, वाइन सहा, म्हणजे ग्लास चोपन्न. घरात एकसारखे निघाले चार. फोन केला तर ते म्हणाले, "माणशी दोन पुरेत. एक पांढरीला, एक लालला. मध्ये विसळून घ्यायचे. पण साबणाचा वास राहता कामा नये हं." झालं! पुढचे दोन दिवस मी येता-जाता ग्लास हुंगत होतो. कपाटात उपडा ठेवलेला ग्लास कपाटाचाच वास धरून बसतो, हे ज्ञान मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर झालं.

मग तापमान. पांढरी 8 ते 12 अंश, लाल 16 ते 18. मी म्हटलं, लाल तर रूम टेंपरेचरला देतात ना? तर ती रूम म्हणे जुन्या काळच्या गारठलेल्या दगडी घरांमधली. आपल्या खोलीत ठेवलेली लाल वाइन कोमट आणि उग्र लागते, म्हणून तिलाही थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवायची. बाटल्या दुपारीच येऊन पोचल्या. भाजीला फ्रिजबाहेर काढलं. तापमान मोजायला घरात तापाचा थर्मामीटर होता, तो बाटलीला लावून पाहिला. बाटलीला ताप नाही, एवढंच निष्पन्न झालं.

खरा पेच होता बादलीचा. वाइन चाखणारी जाणती माणसं घोट तोंडात खळखळवतात आणि थुंकून टाकतात. प्रत्येक वाइनचा घोटभर, म्हणजे 50 मिली, धरला तरी सहांचे होतात 300 मिली, म्हणजे भरलेले दोन ग्लास. ज्याला दिवसात तीस-चाळीस वाइन चाखायच्या आहेत तो थुंकला नाही तर संध्याकाळी त्यालाच उचलून न्यावं लागेल. सगळं पटतं. पण 'थुंकू नकोस' हे ऐकतच लहानाची मोठी झालेली नऊ माणसं दिवाणखान्यात, एकमेकांदेखत, पाहुण्याच्या कष्टाच्या मालावर थुंकणार कशी? तरी स्टीलची एक छोटी बादली टेबलावर मांडली. बायकोने तिच्याभोवती रुमाल गुंडाळला. त्याने ती जास्तच नजरेत भरायला लागली.

संध्याकाळी मंडळी जमली. एकाने इतकं अत्तर फासलं होतं की पहिली वाइन कुठलीही असती तरी गुलाबाचीच वाटली असती. वाइनवाल्या पाहुण्यांनी काही न बोलता त्याला खिडकीपाशी बसवलं. मग स्वतः पहिला घोट घेतला, गाल फुगवले आणि हातभर अंतरावरून बादलीत अशी बारीक, नेमकी पिचकारी सोडली की टाळी वाजवावीशी वाटली. आता आमची पाळी. सगळ्यांनी एकदा बादलीकडे पाहिलं, एकदा एकमेकांकडे पाहिलं आणि गिळलं.

पाहुणे बोलत होते ते मात्र ऐकण्यासारखं होतं. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस मुळात बिनरंगीच असतो, लाल वाइनचा रंग येतो सालीतून. आंबताना साली वर तरंगतात आणि त्यांचा जाड थर धरतो. तो दिवसातून दोन-तीनदा खाली दाबावा लागतो, नाहीतर वरच्यावर सुकून बिघडतो. "त्या दिवसांत घरच्यांशी बोलणं कमी आणि सालींशी जास्त," ते म्हणाले. त्यांच्या बोटांच्या पेरांत जांभळट रेषा होत्या, धुऊन न जाणाऱ्या. त्यावर आमच्यातल्या एकाने प्रश्न विचारला, "यात टक्के किती?"

पण सगळ्यात मोठी धास्ती होती, 'कशी वाटली?' या प्रश्नाची. 'छान' म्हणायला नको, ते कोणीही म्हणेल. तिसऱ्या वाइनला शेजाऱ्यांनी "हिरवं सफरचंद" असं चाचरत म्हणून पाहिलं. पाहुण्यांनी मान डोलावली आणि भीड चेपली. चौथीत कोणाला मिरी सापडली, कोणाला चामडं. फ्रेडरिक ब्रोशे नावाच्या फ्रेंच संशोधकाने वाइनचंच शिक्षण घेणाऱ्या 54 विद्यार्थ्यांना पांढरी वाइन लाल रंग घालून दिली होती आणि त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं होतं. हे मला ठाऊक होतं. तरीही पाचव्या बाटलीला मी गप्प बसलो नाही.

ही पाचवी बाटली, मदत म्हणून, मी स्वयंपाकघरात परस्पर उघडली होती आणि सगळ्यांना ओतूनही टाकली होती. पाहुणे तेव्हा अत्तरवाल्यांना टॅनिन, म्हणजे वाइनमधलं तुरट द्रव्य, समजावत होते. चहा फार उकळला की जीभ कोरडी पडते, तसंच. मी ग्लास हुंगला, डोळे मिटले आणि म्हणालो, "पावसानंतरचं जंगल. ओली पानं. एखाद्या जुन्या ग्रंथालयाची आठवण." लोक भारावले. एकाने तर ते कागदावर उतरवून घेतलं.

पाहुण्यांनी ग्लास नाकाशी नेला आणि लगेच खाली ठेवला.

"माफ करा, ही बाटली गेली."

बुचातला दोष म्हणे. बुचात टीसीए नावाचं एक द्रव्य तयार होतं. लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी पुरतं, फळाचा वास मरतो आणि ओल्या पुठ्ठ्याचा येतो. त्याने काही अपाय होत नाही, चव मात्र संपते. म्हणूनच उघडणाऱ्याने आधी स्वतः हुंगायची असते. ग्रंथालय बरोबर होतं, फक्त त्याचं छप्पर गळत होतं.

एव्हाना सगळ्यांचे ग्लास रिकामे होते. जंगल पोटात गेलं होतं. मावशीचा ग्लासही रिकामा होता, पण तिच्यासमोरच्या बादलीचा रुमाल ओला दिसत होता.

"मावशी, तू ओतलीस?"

"मग काय करू? रद्दीच्या पोत्यावर पाणी सांडल्यासारखा वास येत होता. मला वाटलं, बादली त्यासाठीच ठेवली आहेस."

पाहुण्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. खुर्ची सरकवून ते मावशीपाशी जाऊन बसले. बाटल्या भरण्याआधी पिंपातून नमुने काढून चाखावे लागतात, तेव्हा असं एक नाक शेजारी असलं तर फार बरं, तुम्ही एकदा येऊन जाल का, असं आर्जवाने विचारायला लागले.

मावशीने बादलीकडे पाहिलं.

"येईन की. पण ते पिचकारीचं तुम्ही करायचं, मी नुसता वास घेणार."