लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवताय? आधी हे वाचा

लसणाच्या टिप्सचा एक फॉरवर्ड सध्या फॅमिली ग्रुपवर फिरतोय, तुम्हालाही आला असेलच. थोडक्यात त्यात असंय की किलोभर लसूण एकदाच सोला, तेलात बुडवून बरणी ओट्यावर ठेवा, महिनाभर काही होत नाही. सोलायला मायक्रोवेव्ह वापरा. निळा-हिरवा पडलेला किंवा कोंब आलेला लसूण विषारी, तो फेकून द्या. आणि फोडणीत सत्त्व जळतं म्हणून सकाळी उपाशीपोटी अख्खी पाकळी गिळा. म्हणजे जिथे घाबरायचं काही कारण नाही तिथे घाबरवून सोडलंय आणि जिथे खरंच जिवावर बेतू शकतं तिथे म्हणे "काही होत नाही".

तेलाचं आधी बघू. "तेलामुळे हवा लागत नाही म्हणून टिकतो" असं त्यात लिहिलंय, आणि नेमकी तिथेच गोची आहे. लसूण मातीत वाढतो, त्यामुळे त्याच्यावर क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू (म्हणजे त्याचं सुप्त, चिवट रूप) असू शकतात. या जंतूला हवा नकोच असते, आणि तेलाखाली हवा नाही, लसणात ओलावा आहे, आंबटपणा फारसा नाही, वर आपल्या किचनची ऊब, म्हणजे त्याची सगळी सोय आपणच करून दिली. मग तो जे विष तयार करतो त्याला वास नसतो, चव नसते, लसूण दिसायलाही चांगलाच दिसू शकतो.

1985 मध्ये कॅनडात व्हँकुव्हरच्या एका रेस्टॉरंटमध्ये असाच तेलातला चिरलेला लसूण फ्रीजबाहेर राहिला आणि 36 जण आजारी पडले. 1989 ला न्यूयॉर्क राज्यात किंग्स्टनला पुन्हा तेच, तीन जण. त्यानंतर अमेरिकेत तेलातला लसूण विकायचा तर त्यात आम्ल किंवा जंतूंची वाढ रोखणारा दुसरा घटक घालणं कंपन्यांना सक्तीचं झालं. असं रोज घडतं असं अजिबात नाही, पण झालं तर दोन-दोन दिसणं, पापण्या जड होणं, गिळता न येणं आणि शेवटी श्वासाचे स्नायूच लुळे पडणं, इथपर्यंत जातं.

आता कोणीतरी म्हणणारच, "आमची आजी वर्षभराचं लसणाचं लोणचं घालायची, कुठे काय झालं?" अहो, लोणच्यात मीठ असतं, लिंबाचा रस नाहीतर व्हिनेगर असतं, त्या आंबटपणात हा जंतू वाढतच नाही. सुक्या खोबऱ्याची लसूण चटणी कोरडी असते, तिचंही वेगळं. आणि "आम्ही तेल कडकडीत तापवून ओततो" म्हणणाऱ्यांसाठी, पाकळीत पाणी असतं त्यामुळे ती आतून साधारण 100 अंशाच्या वर जात नाही आणि हे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरतात.

तेलातच हवा असेल तर फ्रीजमध्ये ठेवा आणि चारेक दिवसांत संपवा, जास्तीचा असेल तर पेस्ट करून बर्फाच्या ट्रेमध्ये, सरळ फ्रीझरला. नुसत्या सोललेल्या पाकळ्या कोरड्या डब्यात, खाली टिश्यू घालून फ्रीजमध्ये आरामात राहतात, तेल लागतंच कशाला?

निळा-हिरवा लसूण मात्र बिनधास्त खा. पेस्टमध्ये लिंबू किंवा व्हिनेगर पडलं की लसणातल्याच गंधकाच्या संयुगांचा आणि अमिनो आम्लांचा रंग तयार होतो, बाकी काही नाही. चीनमध्ये तर लाबा सणाच्या सुमारास पाकळ्या व्हिनेगरमध्ये घालून मुद्दाम हिरव्यागार करतात आणि डंपलिंगसोबत खातात. (बुरशी आली असेल, पाकळी मऊ पडली असेल तर मात्र फेका, तो वेगळा विषय.) कोंबाचंही तसंच, हिरव्या बटाट्यासारखं विष त्यात नसतं, जरा कडवट लागतो इतकंच, ठेचा कच्चा खायचा असेल तर काढून टाका.

मायक्रोवेव्हने साल सुटतं हे खरंय. पण लसणाचा झणका येतो तो पाकळी चेचल्यावर, आतलं एक एन्झाइम कामाला लागून अ‍ॅलिसिन बनतं (हेच ते लसणाचं "सत्त्व") तेव्हा, आणि हे एन्झाइम उष्णतेने मरतं. मग तो लसूण ठेच्यात घातला तर ठेचा मिळमिळीत. त्यापेक्षा पाकळीवर बत्त्याचा एक हलका ठोका द्या, बुडखा उडवा, साल आपसूक हातात येतं, आणि आमटीच्या फोडणीला तर सालासकट चेचून टाकला तरी चालतो, उलट खमंग लागतो.

पाकळी गिळायचंही याच्यावरूनच कळेल. अख्खी गिळली तर ती चेचलीच गेली नाही, आणि पोटातल्या आम्लात ते एन्झाइम बंद पडतं, मग सत्त्व बनणार कसं? सत्त्वाची एवढी काळजी असेल तर लसूण चेचून दहा मिनिटं ताटलीत ठेवा, तोवर कांदा चिरून होतो, मग टाका फोडणीत. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर कच्च्या लसणाचे प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

आणि ज्यांच्या ओट्यावर ती तेलातली बरणी आत्ता आहे त्यांनी "चांगला आहे का" म्हणून चाखून बघू नका, चवीवरून काही कळत नाही. तेलासकट पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, पुढच्या भाजीत वापरून संपवायच्या भानगडीत पडू नका.