‘स्टेजिंग कशाला, थेट लोड करा’ या सल्ल्याला उत्तर

हिंजवडी-खराडीकडच्या डेटा टीम्समध्ये एक सल्ला बराच फिरतो: सोर्समधून (डेटा जिथून येतो तो डेटाबेस) वाचा आणि त्याच जॉबमध्ये टार्गेटला (जिथे भरायचा तो डेटाबेस) लिहा. मध्ये फाइल उतरवली (यालाच स्टेजिंग म्हणतात) तर वेळ आणि डिस्क वाया जाते, आणि जॉब पडलाच तर पुन्हा चालवता येतो. नव्याने या कामात आलेली मुलं हे प्रमाण मानून डिझाइन करतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘वेळ वाचतो.’ एकाच जॉबमध्ये वाचण्याचा वेग लिहिण्याच्या वेगाला बांधलेला असतो. टार्गेटवर इंडेक्स जास्त असले किंवा कोणी लॉक धरून बसलं, की लिहिणं रखडतं आणि तोवर सोर्सवरचा कर्सर (चालू वाचन) उघडाच राहतो. ऑरॅकलमध्ये अशा लांबलेल्या क्वेरीला हवी असलेली जुनी आवृत्ती अनडूमधून (बदलाआधीचा डेटा ठेवण्याची जागा) पुसली गेली, की ओआरए-०१५५५ ही ‘स्नॅपशॉट टू ओल्ड’ एरर येते. अनडू रिटेन्शनचं डीफॉल्ट ९०० सेकंद, म्हणजे १५ मिनिटं आहे. पोस्टग्रेसमध्ये लांबलेलं ट्रान्झॅक्शन व्हॅक्यूमला (साफसफाईच्या प्रक्रियेला) मृत ओळी काढू देत नाही. आधी फाइलमध्ये उतरवलं तर सोर्स लवकर सुटतो आणि लोडला ‘कॉपी’सारखी बल्क कमांड वापरता येते.

‘पडला तर पुन्हा चालवा.’ सगळ्यात महाग पडणारं वाक्य हे. दर १०,००० ओळींना कमिट (कायम) करणारा जॉब मध्येच पडला तर टार्गेटमध्ये अर्धा डेटा बसलेला असतो. नुसते इन्सर्ट असतील तर दुसऱ्या रनला तो दुप्पट होतो. शिवाय दुसऱ्यांदा वाचाल तेव्हा सोर्स पहिल्यासारखा नसतो. ‘प्रलंबित’ ऑर्डर एव्हाना ‘रद्द’ झालेली असते आणि कालच्या दिवसअखेरची स्थिती कायमची हातातून जाते. पुण्यातून अमेरिकी सोर्स सांभाळणाऱ्यांना तर वेळेचीही अडचण. न्यूयॉर्कची मध्यरात्र म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात सकाळचे ९:३०, हिवाळ्यात १०:३०. लोड पडला, कारण सापडेपर्यंत संध्याकाळ झाली, की तिकडे ऑफिस सुरू झालेलं असतं आणि सोर्सला हात लावायची परवानगी मिळत नाही. फाइल उतरलेली असेल तर सोर्सला न विचारता दुपारीच लोड पुन्हा चालवता येतो.

‘चूक कुठली ते लॉगमध्ये दिसतंच.’ मराठी नावं-पत्ते असलेल्या टेबलवर हे तपासून पाहा. ‘शिवाजीनगर’मध्ये युनिकोडची ९ चिन्हं आहेत आणि यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक ३ बाइट घेतं, म्हणजे एकूण २७. बाइटमध्ये लांबी मोजणाऱ्या २५ च्या कॉलममध्ये ते बसणार नाही. ही चूक लोडची. पण टार्गेटमध्ये नुसती प्रश्नचिन्हं दिसली तर? एक्स्ट्रॅक्टच्या (सोर्समधून वाचण्याच्या) बाजूला क्लायंटचा कॅरेक्टर सेट चुकीचा असेल, किंवा लोडच्या बाजूला. मधली फाइल उघडली की क्षणात कळतं. फाइल नसेल तर दोन्ही बाजूंच्या टीम एकमेकींकडे बोट दाखवत बसतात.

डिस्कच्या खर्चाचा मुद्दा किरकोळ आहे. पारके किंवा जीझिप वापरून फाइल लहान करा, ७ दिवसांनी फाइल पुसा. व्यक्तिगत माहिती असेल तर ती पुसायलाच हवी.

दाव्यात तथ्य आहे ते इतकंच: काही हजार ओळींचं लूकअप टेबल (कोड आणि त्यांचे अर्थ ठेवणारं) रोज पूर्ण बदलायचं असेल तर थेट लोड चालतो, तोही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये. ‘स्ट्रीमिंगमध्ये तर डेटा थेटच जातो’ हा दाखला मात्र इथे उलटा पडतो. काफ्का या स्ट्रीमिंग प्रणालीत प्रोड्यूसर (पाठवणारा) आणि कन्झ्यूमर (घेणारा) वेगळेच असतात आणि मधला डेटा डीफॉल्टने १६८ तास राहतो.

अर्थात फाइल उतरवायचा एक आणि लोडचा एक असे नुसते दोन जॉब केले म्हणून भागत नाही. अर्धवट लिहिलेली फाइल लोडरने उचलली तर थेट लोडपेक्षा वाईट, कारण चूक गुपचूप होते. म्हणून डेटा पूर्ण लिहून झाल्यावरच ओळींची संख्या असलेली खूण-फाइल टाका आणि लोडरने खुणेशिवाय काही उचलू नये. शून्य ओळी आल्या तरी खूण पडायला हवी, नाहीतर ‘डेटा नव्हता’ आणि ‘जॉब चाललाच नाही’ यांत फरक कळत नाही. प्रत्येक फोल्डरला तारीख आणि रन-क्रमांक द्या. लोड करताना त्या तारखेचं पार्टिशन (टेबलाचा तेवढा भाग) काढून पुन्हा भरा, किंवा प्रायमरी कीवर मर्ज करा (ओळ असेल तर बदला, नसेल तर घाला). एक्स्ट्रॅक्टचा वॉटरमार्क (कुठल्या वेळेपर्यंतचं वाचून झालं ती नोंद) खूण पडल्यावरच पुढे सरकवा, लोडची वाट पाहू नका. पुढच्या वेळी वाचताना वॉटरमार्कच्या थोडं मागून सुरू करा, कारण आधीची वेळ लागलेली पण उशिरा कमिट झालेली ओळ नाहीतर कधीच येत नाही. या ओव्हरलॅपमुळे दुबार आलेल्या ओळी मर्जमध्ये जिरतात. पार्टिशन पुन्हा भरत असाल तर त्या दुबार ओळी आधी कीवर गाळून घ्या.